एकाच नवऱ्याशी दोनदा

मैलापूर, चेन्नई
२१ एप्रिल २०२५

अहो, ऐकलंत का?

नाही ऐकलंत, म्हणून तर लिहिते. परवा फोनवर मी तीनदा ओरडून विचारलं, "परत कधी येणार?" तुम्ही म्हणालात, "हो, जेवण झालं." शेजारच्या मामींनी खिडकी उघडून पाहिलं. तेव्हाच ठरवलं, आता फोन वेंडाम, नकोच. मी कागदावर लिहीन. प्राणेशची बायको श्रीलक्ष्मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून घरी आली की त्याचा फोटो काढून पाठवील, आणि तिकडे आपल्या शेजारच्या मिसेस ऑगस्टीन तो छापून तुमच्या हातात देतील. तुम्हीही तसंच करा. आमच्या भाचेसुनेला घरातलं मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मिसेस ऑगस्टीनला तर आपली अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटतात. तेव्हा मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

मनात एकच आहे. फेब्रुवारीत निघताना तुम्ही म्हणालात, वादळाने उडालेलं घराचं छप्पर घालतो, घर विकून टाकतो आणि महिन्याभरात येतो. एप्रिल संपत आला. गिऱ्हाईक अडून बसलंय, एवढंच तुम्ही सांगता. तुम्ही बत्तीस वर्षं त्या बेटावर मुलांना गणित शिकवलंत. अर्ध्या बेटाचे तुम्ही मास्तर. तुमच्याशी कोण अडून बसेल?

मीच येते तिकडे. गुडघ्याचं ऑपरेशन जुनं झालं, मी आता कपालीश्वराच्या देवळाला पूर्ण फेरी घालते. पण पासपोर्ट याच महिन्यात संपला. गेल्या वर्षीच नवा करून घे, असं तुम्ही म्हणाला होतात. मी म्हटलं आडी महिन्यात नको, अशुभ. मग मार्गळी लागली, तेव्हाही नको. मग गुडघा आला. हे तुम्ही पुन्हा लिहू नका, मला पाठ आहे.

अर्ज कुरिअरने तिकडच्या कचेरीला पाठवला. लग्नामुळे नागरिक झालेल्या बाईला नागरिकत्वाचा दाखला लागतो. आपला २०१५च्या पुरात कपाटासकट गेला. त्यांच्याकडची फाइल गेल्या वर्षीच्या वादळात कचेरीच्या छपराबरोबर गेली. म्हणजे मी त्या देशाची आहे, हे आता देवालाच ठाऊक. लग्नाचा दाखला मात्र प्राणेशने मागे काढून ठेवला होता, तो जोडला. राहुकाळ टळल्यावरच पाकीट दिलं.

आज डांगराच्या पिठाची दह्यातली पच्चडी केली होती. अर्धी उरली. दोघांच्या मापाने करायची सवय काही जात नाही.

तुमची
सुंदरी

*

बेटावरून
२६ एप्रिल २०२५

प्रिय सुंदरी,

पत्र मिळालं. आडी आणि मार्गळीबद्दल मी काहीही लिहिलेलं नाही, याची नोंद घे.

इथे सगळं ठीक आहे. छप्पर घालून झालं, हिरवा पत्रा टाकला. गिऱ्हाईकाला बँकेचा कागद हवा आहे, तो आला की संपलं. जेवण मिसेस ऑगस्टीनकडे. कच्ची केळी त्या माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात उकडतात, काळजी करू नकोस.

तू येण्याचं मनात आणू नकोस. एवढा लांबचा प्रवास, दोन ठिकाणी विमान बदलायचं आणि तुझा गुडघा. मी पंधरा दिवसांत येतोच. पासपोर्ट आरामात होऊ दे.

पेन वाईट आहे म्हणून अक्षर हलल्यासारखं दिसेल.

तुझा,
कृष्णस्वामी

*

मैलापूर, चेन्नई
१२ मे २०२५

अहो,

तुमचे पंधरा दिवस झाले. शिक्षकाने तरी मोजावे.

इथे कत्तिरीचं ऊन चालू आहे. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, नळाला येतं ते पाणीसुद्धा कढत. माझं सगळं ठीक आहे. पासपोर्टचंही ठीक आहे, आज-उद्या येईल असं दिसतं. प्राणेश इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून रोज विचारतो, "आत्या, आला का?" मी रोज म्हणते, येतोय.

एक विचारू? तुम्ही फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारायचात. मुलं मागून टाळ्या वाजवायची. तुमच्या या पत्रातल्या ओळी सगळ्या उजवीकडे खाली उतरल्यात. पेन वाईट असलं तर अक्षर बिघडतं. ओळ का घसरते?

जेवताय ना?

सुंदरी

*

बेटावरून
१६ मे २०२५

प्रिय सुंदरी,

काल मिसेस ऑगस्टीनना पासपोर्ट कचेरीतून फोन आला. मिस जोसेफ नावाच्या एक अधिकारी आहेत. त्यांनी माझ्यासाठी एक प्रश्न दिला. मिस्टर रावांचा, म्हणजे माझा, घटस्फोट कोणत्या साली झाला?

मी मिसेस ऑगस्टीनना पुन्हा लिहून द्यायला लावलं. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं. घटस्फोट.

तू पाठवलेल्या दाखल्यावर आपलं लग्न १२ जून २०१६ ला झालेलं आहे. तू नागरिक झालीस १९९१ साली, माझी बायको म्हणून. मिस जोसेफ सरळ हिशेब करतात. एक तर १९९१ नंतर आपला घटस्फोट झाला आणि २०१६ मध्ये आपण पुन्हा लग्न केलं, किंवा १९९१ चं लग्न खोटं होतं आणि नागरिकत्व फसवून घेतलेलं आहे. या दाखल्यातून तिसरं काही निघत नाही. मी स्वतः त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

त्यांनी हा प्रश्न तुला मेच्या सुरुवातीलाच पाठवला होता, असंही त्या म्हणाल्या. आणि तू मला लिहितेस, आज-उद्या येईल. का लपवलंस?

आणखी एक. तुझ्या पत्राचा फोटो मी नीट पाहिला. कागद कशावर ठेवला आहे? ती आपली तपकिरी पेटी आहे, पितळी कड्यांची. ती माळ्यावर होती. म्हणजे तू ती खाली काढून भरूनही ठेवलीस.

तारीख अशी कशी पडली ते कळव.

कृष्णस्वामी

*

मैलापूर, चेन्नई
१७ मे २०२५

अहो,

घटस्फोट म्हणे! ऐकून मामी खुर्चीतून पडल्या असत्या, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

तारीख कशी पडली ते सांगते. तुमची साठीशांत आठवते ना, तिरुक्कडैयूरला? तुम्हाला नवी जरीची वेष्टी, मला नऊवारी, माळा, होम, आणि साठ वर्षं झाली म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधलंत. सगळ्यांसमोर मी हसत होते. त्यानंतर प्राणेश म्हणाला, भारतात राहायच्या कार्डाला लग्नाची नोंद लागते, आपण करून टाकू. १९८१ च्या लग्नाचा पुरावा काय होता? पत्रिका पुरात गेली. तंजावूरच्या त्या एका फोटोत होमाचा धूर आहे आणि धुरात माझं नाक. तिरुक्कडैयूरचा मात्र सगळा व्हिडिओ. प्राणेशने अर्जावर तीच तारीख घातली. "आत्या, तारीख कुठली का असेना, नवरा तोच ना!" मला गंमत वाटली. मी हसत सही केली. तुम्हीही केलीत, चष्मा न लावता.

लपवलं, कारण घाबरले. मिस जोसेफ बाईंचं पत्र आलं. मला आता त्या देशात कोणी ओळखत नाही असं वाटलं. इथे मी परदेशी बाई, कार्डावर राहणारी. तिथे मी खोटी बाई. मग मी आहे कुठली? तुम्हाला सांगून तुमचा जीव कशाला खालीवर करायचा, म्हणून गप्प राहिले.

आता तुम्ही सांगा. पेटी ओळखलीत, शाबास. मलाही डोळे आहेत. तुमच्या शेवटच्या पत्राच्या फोटोत कागदाच्या वर एक पांढरा लोखंडी गज दिसतो. आपल्या घरातल्या दोन्ही खाटा लाकडी आहेत. श्रीलक्ष्मीने फोटो मोठा करून दाखवला. गजाला नळी गुंडाळलेली आहे. ती बिचारी म्हणाली, "आत्या, पंख्याची वायर असेल." मी आमा, असेल, म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कुणाची खाट आहे ती? खरं लिहा. खोटं लिहायला बसलात की तुमच्या ओळी घसरतात.

सुंदरी

*

बेटावरून
२० मे २०२५

प्रिय सुंदरी,

खाट माझी आहे. जनरल हॉस्पिटलमधली.

मार्चमध्ये छपराचं काम बघत अंगणात उभा होतो. डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आलो तेव्हा मिसेस ऑगस्टीन माझ्या तोंडावर शहाळ्याचं पाणी शिंपडत होत्या. हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. विमानात बसायचं नाही, जिना चढायचा नाही. घर विकायला काढलेलंच नाही, गिऱ्हाईक मी कल्पनेतून तयार केलं. तुला सांगितलं असतं तर तू पासपोर्ट नसतानाही विमानतळावर जाऊन बसली असतीस.

झडप बदलावी लागेल. शेजारच्या मोठ्या बेटावरचे डॉक्टर इथे येऊन ऑपरेशन करतात. त्यांनी दोनदा तारीख दिली. तुला येऊ नकोस लिहिलं आणि त्यांना दोन्ही वेळा सांगितलं, बायको आली की. आता ते म्हणतात, जूनच्या पुढे थांबलात तर आम्ही काही सांगू शकत नाही.

तू विचारशील, मग थांबलात कशाला? मिसेस ऑगस्टीन आहेत, जुने विद्यार्थी आहेत, रोज कोणी ना कोणी येऊन बसतं. खरं सांगतो. मला भीती वाटते, सुंदरी. ऑपरेशनची थोडी वाटते, पण त्याहून जास्त भीती त्यानंतर डोळे उघडण्याची आहे. कानातलं यंत्र काढून ठेवतात. मी जागा होईन आणि माझ्याभोवती माणसं तोंड हलवत असतील, आणि ऑपरेशन बरं झालं की वाईट, मी आहे की गेलो, मला काही कळणार नाही. मला लोकांचे ओठ वाचता येतात असं सगळे समजतात. येत नाहीत. मला फक्त तुझे येतात.

म्हणून थांबलो. आता तुला सगळं ठाऊक आहे. या पत्रातल्या ओळी सरळ आहेत का ते पाहा.

कृष्णस्वामी

*

मैलापूर, चेन्नई
२४ मे २०२५

अहो,

ओळी सरळ आहेत.

तुमच्यावर रागावायचं आहे, ते नंतर. प्राणेशला सगळं सांगितलं. तो कारखान्यातून रजा घेऊन आला आणि माझ्या पायाशी बसला. म्हणतो, ती तारीख मी घातली आत्या, काकांना काही झालं तर मी काय तोंड दाखवू? एवढा मोठा माणूस, मला त्यालाच समजवावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या कचेरीत नोंद केली तिथे गेलो. तारीख बदलून मिळेल, पण त्याला कोर्टात जावं लागेल, आणि कोर्टाला आता सुट्टी.

मग मिस जोसेफ बाईंना आम्ही सगळं लिहिलं. साठीशांत म्हणजे काय, माळा का घालतात, मंगळसूत्र पुन्हा का बांधतात. श्रीलक्ष्मीने छान इंग्रजीत लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपण पाठवलेली माहिती रोचक आहे. कृपया घटस्फोटाचा किंवा पहिल्या विवाहाचा कागद पाठवावा.

माझं जेवणावरचं मन उडालंय. कुरिअरवाल्याची घंटा कुठेही वाजली तरी मी दाराशी. तुम्ही औषधं वेळेवर घ्या आणि डॉक्टरांना सांगा, ती येते आहे.

सुंदरी

*

मैलापूर, चेन्नई
९ जून २०२५

अहो,

मिस जोसेफ बाई शेवटी मुलाखत घ्यायला तयार झाल्या. बुधवारी, ११ तारखेला. माझी इथून कॉम्प्युटरवर, तुमची त्या स्वतः हॉस्पिटलात येऊन घेणार. वेगवेगळी. दोघांची उत्तरं जुळतात का ते बघणार, म्हणजे झालंच.

मी खूप विचार केला. त्यांच्या हातात कागद आहे, आणि कागदावर २०१६ आहे. आपण १९८१ म्हणालो तर ते सिद्ध करायला आपल्याकडे काही नाही. तेव्हा कागदाप्रमाणे २०१६ च सांगू या. आधी काय होतं म्हणून विचारलं तर मी सांगेन, आम्ही तसेच एकत्र राहत होतो. तिकडे त्याचं कुणाला काय? मिसेस ऑगस्टीनच्या बहिणीचं लग्न तिची नातवंडं फुलं घेऊन पुढे चालत असताना झालं, मीच तिला गजरा माळला होता. हो, माझ्या आईने ऐकलं असतं तर विहीर जवळ केली असती. पण तुमच्यापुढे मला आता अब्रूचं काही वाटत नाही.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. एकदाच बोला. माझ्यासाठी. २०१६.

सुंदरी

*

बेटावरून
९ जून २०२५

प्रिय सुंदरी,

मुलाखतीचं कळलं. तुला मी ओळखतो, म्हणून घाईने लिहितो. कागदाप्रमाणे बोलू असं तुझ्या मनात येईल. तसं करू नकोस.

२०१६ म्हटलंस की १९९१ चं नागरिकत्व खोटं ठरतं आणि मग पासपोर्टचा प्रश्नच उरत नाही. पुरावा नसला तरी खरं तेच सांग. १९८१, मे महिना, तंजावूर. एक खोटी पायरी घातली की पुढचं सगळं गणित कोसळतं. एकदाच माझं ऐक.

डॉक्टर २४ तारखेवर अडून आहेत. यापुढे नाही म्हणतात.

कृष्णस्वामी

*

मैलापूर, चेन्नई
११ जून २०२५

अहो,

झाली मुलाखत. तशीच लिहायला बसले.

काल संध्याकाळी तुमचं पत्र आलं, माझं पाठवून झाल्यावर. मी ते तीनदा वाचलं. मग वाटलं, हे हॉस्पिटलात पडून एकच गोष्ट मागतायत, आणि मी त्यांना खोटं बोलायला सांगते. दोघांचं उत्तर जुळलं पाहिजे, तुम्ही १९८१ म्हणणार, तर मीही तेच म्हणणार. ठरलं.

श्रीलक्ष्मीने कॉम्प्युटर लावून दिला. मिस जोसेफ बाई दिसायला पोरसवदा, केस घट्ट बांधलेले. पहिलाच प्रश्न, नवऱ्याचं पूर्ण नाव काय? आणि मी अडले! बत्तीस वर्षं तिकडे मिस्टर राव म्हणत आले, इकडे अहो. तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघालंय? बाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. श्रीलक्ष्मी दारामागून खुणा करतेय. शेवटी डोळे मिटून म्हणून टाकलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. नवऱ्याचं नाव आठवावं लागतं अशी बायको, असंच लिहिलं असणार.

मग लग्नाचं विचारलं. मी ताठ बसून सांगितलं, १९८१, मे, तंजावूर. त्यांनी मान वर केली, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तुमच्या शब्दावर चालले.

तुम्हीही तेच सांगितलंत ना? लवकर कळवा.

सुंदरी

*

बेटावरून
१२ जून २०२५

प्रिय सुंदरी,

मी २०१६ सांगितलं.

रागावू नकोस. तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. मी म्हटलं, ती २०१६ म्हणणार, मी १९८१ म्हणालो तर ती खोटी ठरेल. उत्तरं जुळणं महत्त्वाचं, खरी असोत की नसोत. चव्वेचाळीस वर्षांत एकदा मी तुझं निमूट ऐकलं आणि एकदा तू माझं ऐकलंस. दोन्ही एकाच दिवशी.

मिस जोसेफ प्रश्न पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरत होत्या. माझं उत्तर ऐकून त्यांनी लिहिलं, तुमच्या पत्नी १९८१ म्हणतात. आणि फाइल मिटली. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की नर्स धावत आली. मला वाटलं, संपलं. मीच तुला बाहेर ठेवलं.

मिसेस ऑगस्टीन कोपऱ्यात माझ्यासाठी संत्रं सोलत बसल्या होत्या. त्या उठल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, नंतर त्यांनी लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "पोरी, थांब. केक मी केला होता."

तुला २००६ ची ती पार्टी आठवते? आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेच्या लोकांनी चर्चच्या हॉलमध्ये केलेली? आपल्याकडे असलं काही करत नाहीत म्हणून तू दिवसभर संकोचलेली होतीस. त्यांच्याकडे माणसाची साठी कुणी मोजत नाही, लग्नाची वर्षं मोजतात. मिसेस ऑगस्टीननी काळा केक केला होता आणि त्यावर रुपेरी साखरेने २५ लिहिलं होतं. त्याचा फोटो त्यांच्या बैठकीत अजून भिंतीवर आहे. तू, मी, केक, पाद्री आणि मागे अख्खी शाळा. त्या घरी जाऊन भिंतीवरून फ्रेमच काढून घेऊन आल्या. मागच्या बाजूला फोटोवाल्याचा तारखेचा शिक्का होता.

मिस जोसेफनी पाटीवर वजाबाकी केली. २००६ वजा २५. १९८१. मग त्यांनी मला लिहून विचारलं, मग तुम्ही २०१६ का म्हणालात? मी म्हटलं, आमच्याकडे माणूस साठ वर्षांचा झाला की त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. त्यांनी लिहिलं, आणि त्याची इच्छा नसली तर? मी म्हटलं, मला कोणी विचारलं नाही. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पण पासपोर्ट लगेच मिळणार नाही. मिसेस ऑगस्टीन आणि पाद्री शपथेवर लिहून देतील, ते वर जाईल, त्याला काही महिने लागतील. आत्ता त्या फक्त एकाच प्रवासाचा तातडीचा कागद देऊ शकतात. तो तुला दिल्लीच्या वकिलातीतून येईल. इथे येण्यापुरता. परतीसाठी तो चालत नाही. पासपोर्ट झाला नाही, किंवा तुझ्या भारतातल्या कार्डाचं काही अडलं, तर चेन्नईला पुन्हा कधी जाता येईल, येईल की नाही, हे मिस जोसेफ सांगू शकत नाहीत. मीही नाही.

म्हणून विचार करून ठरव. तुझं देऊळ तिथे आहे, प्राणेश तिथे आहे, आपलं घर तिथे आहे. तू आली नाहीस तरी मी २४ ला ऑपरेशन करून घेईन. आता टाळणार नाही, शब्द देतो. भीती आहे, ती राहील.

तुझा,
कृष्णस्वामी

*

मैलापूर, चेन्नई
१९ जून २०२५

अहो,

कागद आला. एकच पान, वर माझा फोटो, खाली शिक्का. एका प्रवासाचा.

उद्या पहाटेचं विमान आहे. मध्ये दोन ठिकाणी उतरायचं, आणि तिथले लोक हा कागद बघून काय म्हणतील कोण जाणे. श्रीलक्ष्मीने त्याच्या तीन प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्यात. प्राणेश अजून माझ्याकडे मान वर करून बघत नाही. मी त्याला म्हटलं, कण्णा, तू त्या दिवशी खरंच बोललास, नवरा तोच आहे. तेव्हा तो लहान असताना रडायचा तसा रडला.

तुम्ही म्हणालात, विचार करून ठरव. केला. देवळात गेले, फेरी घातली, तळ्याच्या पायरीवर बसले. इथल्या कोपऱ्यावरच्या फुलवालीला माझा गजरा ठाऊक आहे. पुन्हा हे दिसलं नाही तर फार वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू. पण इथे बसून तुमचे डोळे तिकडे कसे उघडतील याचा विचार करत राहणं मला जमणार नाही. घराची किल्ली श्रीलक्ष्मीकडे दिली. देवापुढे दिवा लावीन म्हणाली.

पेटी एक महिना भरलेलीच होती, फक्त डांगराचं पीठ वरून घातलं. आणि हो, तो काळा केक. त्यात रम होती. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत, मी तेव्हाच पाहिलं होतं. त्याबद्दल आल्यावर बोलू.

या पत्राला उत्तर लिहू नका. ते इथे पोहोचेल तेव्हा वाचणारी इथे नसेल. डॉक्टरांना सांगा, यंत्र खुशाल काढून ठेवा. तुम्ही डोळे उघडाल तेव्हा भोवती कितीही तोंडं हलू देत, तिकडे बघू नका. माझ्याकडे बघा. मी हळू, नीट, ओठ उघडून एवढंच म्हणेन.

अहो, ऐकलंत का?